पाठवणीतली साडेचार मिनिटं

१

निवृत्तीरावांचं गाणं चोरीला गेलं, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष व्हायला चार दिवस कमी होते. आणि चोरीचा पहिला आळ आला तो माझ्यावर.

मी रजिया शेख. नांदेडात वजिराबादच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि डीव्हीड्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायच्या, हा माझा धंदा. लोक काय अवस्थेत आणतात ते विचारू नका. कुणाच्या डीव्हीडीवर हळदीची बोटं, कुणाच्या डीव्हीडीवर वरणाचा डाग. एकाने तर ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला टांगलेली स्वतःच्या लग्नाची डीव्हीडी सोडवून आणली होती. बायकोने पाठवलं होतं म्हणे.

बुधवारी सकाळी लुंबिनी आली. सरकारी दवाखान्यात परिचारिका, चाळिशीच्या अलीकडची. माहेर औशाचं, सासर उमरीचं. तिने स्वतःच्या लग्नाची, २००७ सालची डीव्हीडी दिली आणि संध्याकाळी ड्यूटी संपवून घ्यायला आली. मी फाइल लावून दाखवली. पडद्यावर मोराच्या पिसाऱ्यातून ‘आनंदराज’ आणि ‘लुंबिनी’ अशी नावं फिरत आली, मग उमरीची हळद, मग औशाचा मांडव, त्रिसरण, पंचशील, हार, पंगती. पंगती उठल्या आणि पुढच्याच क्षणी फुलांनी सजवलेली जीप फाटकातून बाहेर पडली.

“गाणं कुठंय?” ती म्हणाली.

“कोणतं गाणं?”

“आबांचं. पाठवणीचं. मला जवळ धरून म्हणले हुते. आपा, त्याच्यासाठीच तर करून घेऊन राहिले मी हे सगळं!”

तिचे वडील निवृत्तीराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर गाड्यांखाली आणि संध्याकाळी गाण्यात. लेकीच्या पाठवणीसाठी त्यांनी स्वतः गाणं बांधलं होतं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्याआधी कुणी तो मोबाईलमध्येसुद्धा घेतला नव्हता. डीव्हीडी आहेच की, असं प्रत्येकाला वाटत राहिलं. आता येत्या रविवारी लातूरला भावाच्या घरी त्यांचा पहिला स्मृतिदिन होता. भंतेजींची वंदना झाली की ते गाणं लावायचं, असं तिने वर्षभर मनाशी धरलं होतं.

“तुमच्या मशिनीनं खाल्लं, न्हाईतर तुम्ही कापलं,” ती म्हणाली. “जगात दुसरीकडं कुठंच न्हाई तो आवाज.”

मला राग आला होता. पण ती टेबलाची कड धरून उभी होती, पडणारा माणूस धरतो तशी. मी म्हटलं, “बस जरा. चहा सांगते. आधी डिस्कला विचारू, मग मला चोर म्हण.”

२

डीव्हीडीत लग्न एका लांब फितीसारखं नसतं. एकेक जीबीचे तुकडे असतात, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक. उतरवताना एखादा डबा राहिला तर वीस-पंचवीस मिनिटं एकदम जातात. मधूनच चार-पाच मिनिटं जात नाहीत. तरी मी मूळ डिस्क तिच्यासमोर पुन्हा लावली. तिच्यातही पंगतीनंतर जीपच होती. म्हणजे माझी मशिन निर्दोष सुटली.

मग मी फाइलींच्या तारखा पाहिल्या. सगळ्या जून २००७ च्या. लग्न मे महिन्यातलं. म्हणजे ही नंतर कुणी केलेली नकली डिस्कही नव्हती.

“मग पहिल्यापासूनच गाणं नसेल,” मी म्हटलं.

“कसं नसंल? २०१२ च्या मे महिन्यात मी आणि आबा शेजारी बसून बघितलंय. आबा तर सारखेच लावायचे. मधी अडकाया लागली तर टूथपेस्ट लावून घासली बी हुती त्यांनी.”

या टूथपेस्टीने मराठवाड्यातली किती लग्नं मोडली असतील त्याची गणती नाही. पेस्ट लावून गोल गोल घासली की डिस्कवर बारीक कड्या उमटतात. मी लांबूनही ओळखते. मी लुंबिनीची डिस्क ट्यूबलाइटखाली धरली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. चारदोन वेळासुद्धा कुणी लावली नसावी.

“लुंबिनी, डबी तुझ्या आबांची आहे,” मी म्हटलं. “आतली डिस्क त्यांची नाही.”

लग्न तेच, वर्ष तेच, डबीही तीच. फक्त डिस्क दुसरी.

३

गुरुवारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि लुंबिनीबरोबर लातूरच्या एस.टी.त बसले. कुणी विचारेल, तुला काय पडलं होतं? सांगते. माझे यजमान जिलानी वीस वर्षं लग्नांचं शूटिंग करत होते. शेकडो लग्नांत हजर, आणि एकाही चित्रात नाहीत. कॅमेऱ्यामागचा माणूस कुणाला दिसतो? ते गेल्यावर मी त्यांच्या सगळ्या कॅसेटी पालथ्या घातल्या, कुठे आरशात तरी सापडतील म्हणून. नाही सापडले. ज्याची आठवण अजून सापडू शकते, त्याच्याबरोबर चार गावं हिंडायला मला जड वाटत नाही.

लुंबिनीचा भाऊ रविकांत आधीच चिडलेला होता. औशाचं घर बंद केल्यावर आबांचं सामान त्याच्याकडेच आलं होतं.

“मी म्हणलो हुतो, गाणं लावू नका,” तो म्हणाला. “हाव, म्हणलो. शेवटची तीन वरसं मी आबांशी बोललो न्हाई. आता चार माणसांत त्यांचा आवाज ऐकून मला रडायचं न्हाई.”

“म्हणून डिस्क काढून घेतली?” लुंबिनीने विचारलं.

“काढली असती तर फोडून टाकली असती गं! तिथं दुसरी आणून कशाला ठेवीन? आन आणू कुठून?”

रागातला माणूस कधी कधी वकिलापेक्षा नेमकं बोलतो. मी ते वाक्य लक्षात ठेवलं. चोर घेऊन जातो. हा तर बदल्यात तसलीच दुसरी ठेवून गेला होता.

त्याची बायको मनिषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सामान तिनेच बांधलं होतं. मी तिला विचारलं, आबा डीव्हीडी शेवटची कधी बघत होते?

“लई वरसं झाली. आमच्या थोरल्याचा पहिला वाढदिवस झाला ना, २०१३ ला, त्याच्यानंतर त्यांनी ती डबी उघडू दिली न्हाई कुणाला. पोरं मागायची तर म्हणायचे, बिघडली. बाकीच्या सीड्या लावायचे. तीच तेवढी न्हाई.”

“वाढदिवसाला मुक्कामी कोण होतं?”

“दोघंच. टीव्हीची जोडणी करायला शिवमूर्तीभाऊ आले हुते, लग्नाचं शूटिंग केलेले. आन वन्संच्या सासूबाई, उमरीच्या. दोन दिवस ऱ्हायल्या.”

लुंबिनीच्या सासूबाईंचं नाव पंचफुला. “आत्याबाई?” लुंबिनी हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच. “त्या दुसऱ्याच्या घरचा चमचा बी उचलायच्या न्हाईत, आपा. शिवमूर्तीलाच धरा.”

४

औशाला शिवमूर्तीचं आता झेरॉक्सचं दुकान आहे. कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवलाय, देवासारखा. मी जिलानींची बायको आहे म्हटल्यावर त्याने खुर्ची पुसली.

“तुम्हाला ठावंच असंल भाभी,” तो म्हणाला, “आमच्यात एका लग्नाच्या दोन डीव्हीड्या व्हायच्या. पोरीकडची एक, पोराकडची एक. पोरीकडच्यात तिकडची हळद मोठी, मामामावश्या जास्त. पोराकडच्यात त्यांचं वऱ्हाड जास्त. न्हाई तर दोन्हीकडून बोलणी खावी लागायची. नाव बी ज्याच्या त्याच्या घरचं पहिलं टाकायचो.”

मी कपाळावर हात मारला. ठाऊक होतं तर! जिलानी रात्रंदिवस हेच करत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर मोराच्या पिसाऱ्यातून पहिलं नाव आनंदराजचं आलं होतं, पहिली हळद उमरीची होती, आणि मी चहा सांगत बसले होते.

लुंबिनीने आणलेली डिस्क मुलाकडची होती. ती सतरा-अठरा वर्षांपूर्वी उमरीला गेलेली. ती औशाच्या डबीत आली, याचा अर्थ औशाची उमरीला गेली.

“पण आबांचं गाणं मुलाकडच्या डिस्कमध्ये का नाही?” मी विचारलं. “व्याह्याने गाणं म्हटलं तर दोन्ही घरं ठेवतात.”

शिवमूर्तीने लुंबिनीकडे पाहिलं आणि झेरॉक्सच्या मशिनीवरची धूळ झटकायला लागला.

“जुनी गोष्ट हाय,” तो म्हणाला. “ताईचे सासरे आलते. दादाराव. माझ्याशेजारी दोन तास बसले. म्हणले, हिरव्या साडीतली एक पोरगी हाय, ती जिथं जिथं दिसंल तिथं काढ. मी एकेक शॉट काढत गेलो.”

“कोण पोरगी?”

“मला काय ठावं? वरपिता म्हणला, काढली. मांडवात दोन ठिकाणी उभी हुती. आन गाण्यात...” तो थांबला. “गाण्यात ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवरीच्या मागंच उभी हुती. मग ठेवायला काय उरतंय?”

लुंबिनी झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. “आनंदराजला एक बहीण हुती,” ती सावकाश म्हणाली. “दिपाली. मी लग्न होऊन जायच्या आधीच तिनं दुसऱ्या जातीतल्या पोरासंगं लग्न केलं आन निजामाबादला गेली. दोन वरसांनी कावीळ होऊन वारली. मामंजींनी घरात तिचं नाव घेऊ दिलं न्हाई कधी. ती माझ्या लग्नाला आली हुती? माझ्या मागं उभी हुती?”

५

शनिवारी सकाळी आम्ही नांदेडहून उमरीला निघालो. लुंबिनी रागाने पेटली होती. सासू चोर निघाली, हेच तिच्या डोक्यात.

“तुझी सासू चोर नाही,” मी म्हटलं. “नीट ऐक. पंचफुलाबाईंनी चोरून बदललं असतं, तर आबांना कळायला एक दिवस पुरला असता. ते सारखे लावायचे ना? डिस्क बदललेली दिसल्यावर बाप घर डोक्यावर घेईल की नाही? उलट ते ‘बिघडली’ म्हणत राहिले. शेवटपर्यंत कुणाला डबी उघडू दिली नाही. का? आत काय आहे ते त्यांना माहीत होतं म्हणून.”

ती खिडकीकडे वळली.

“लुंबिनी, गाणं कुणी चोरलं नाही. तुझ्या आबांनी ते दिलं.”

खिडकीतून मागे पळणाऱ्या हळदीच्या रानांकडे बघत ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. बापाने आपल्या पाठवणीचं गाणं देऊन टाकलं, हे ऐकायला कुठल्या लेकीला सोपं जाईल?

पंचफुलाबाई सत्तरीच्या पुढच्या, सडसडीत. ओट्यावर तूर निवडत होत्या. दादाराव आतल्या खोलीत बाजेवर पडून होते. गुडघे गेलेत, ते फारसे उठत नाहीत. लुंबिनीने औशाच्या डबीतली डिस्क पंचफुलाबाईंच्या सुपाशेजारी ठेवली.

पंचफुलाबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग उठल्या आणि आम्हाला पलीकडच्या खोलीत नेलं. ट्रंकेतून मऊ धडप्यात गुंडाळलेली डिस्क काढली आणि ती छातीशी धरूनच बोलायला लागल्या.

“वाढदिवसाला गेले तवा इवाय, तुझे आबा, सीडी लावून बसले हुते. मी सहज बघितलं, तर माझी लेक उभी! जिती, हासणारी. आमच्या घरातले तिचे समदे फोटो ह्यांनी जाळले हुते. माझ्या हातातला तांब्याच पडला. इवायांनी काय विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर ही सीडी पिशवीत घातली. म्हणले, तुमची मला पाठवा, म्हणजे डबी रिकामी दिसायची न्हाई आन कुणी पुसायचं न्हाई.”

“आन गाणं?” लुंबिनीने विचारलं. “गाण्याचं काय म्हणले आबा?”

“मी बी तेच म्हणले, लेकीसाठी म्हणलेलं गाणं हाय त्याच्यात. तर हासले. म्हणले, ‘माझं काय, मी हाय की अजून. गाणं कवाबी म्हणीन. तुमची लेक न्हाई परत यायची.’”

मग लुंबिनी खाली बसली आणि तिने सासूच्या पायांवर डोकं टेकलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मला त्या न पाहिलेल्या मेकॅनिकचा हेवा वाटला, अभिमानही वाटला. माझी त्यांची ओळख नव्हती, तरी वाटला.

“आत्याबाई, उद्या आबांचा स्मृतिदिन हाय,” लुंबिनी म्हणाली. “आपांना सीडी द्या. त्या नक्कल करतील, तुमची तुम्हाला परत.”

पंचफुलाबाई दोन पावलं मागे सरकल्या. “न्हाई. मशिनीत घातली की घासते. एक डाव गेली तर मी काय करू?”

६

मी त्यांना खोटा धीर दिला नाही. टूथपेस्टीच्या कड्या दिसत होत्या, आणि वरून पदराने गोल गोल पुसून त्यात भर पडली होती. मी सांगितलं, की यंत्रातला उजेड डिस्कला शिवत नाही, नुसता तिच्यावर पडतो. पण ही म्हातारी झालीय, आणि आज नक्कल केली नाही तर पुढच्या वर्षी ती वाचताही येणार नाही.

“तुम्ही शेवटचं कधी बघितलं?” मी विचारलं.

“सात वरसं झाली. आमची मशिन मोडली. तवापासून नुसती काढून बघते, पुसते, ठेवते. बघायचे तवा बी आवाज बंद करून. हे आत असायचे ना.”

“एकदाही आवाज लावला न्हाई?” लुंबिनीने विचारलं.

“न्हाई.”

म्हणजे ज्या साडेचार मिनिटांसाठी एक बाई वर्षभर तळमळत होती, ती दुसरीने शेकडो वेळा पाहिली होती आणि ऐकली एकदाही नव्हती.

त्यांनी डिस्क माझ्या हातात दिली, तेव्हा त्यांची बोटं सोडायला तयार नव्हती. मी लॅपटॉप उघडला, वायरीचा ड्राइव्ह जोडला. डिस्क मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसली. अशा डिस्कला आधी चालवायचं नसतं. जशीच्या तशी नक्कल उतरवायची, मग त्या नकलेवर काय ते करायचं. ओरखड्यापाशी यंत्र थांबतं, पुन्हा वाचतं, पुन्हा वाचतं. आपण हात जोडून बसायचं.

साठ टक्क्यांपर्यंत बरं चाललं. एकाहत्तरवर ते अडकलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ड्राइव्ह घरघरत राहिला.

“गाणं तिथंच असतंय ना?” लुंबिनीने विचारलं. मी होय म्हटलं नाही, पण तिथेच होतं. पंचफुलाबाई त्या खोलीतल्या बाजेच्या कडेला बसून होत्या. स्वतःशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, “माझ्यासमोर यायची हिंमत झाली न्हाई तिची त्या दिवशी. ह्यांच्या भ्यानं लांबून लांबून फिरली आसंल. भावाच्या लग्नातून उपाशी गेली, एवढंच घोळतंय बघा डोक्यात. बाकी काय न्हाई.”

बाहत्तर. मग त्र्याहत्तर. मग एकदम धाव घेतल्यासारखं शंभर.

मी नक्कल दोन ठिकाणी ठेवली आणि पंगतीनंतरचा भाग काढला. पंचफुलाबाई सवयीने म्हणाल्या, “आवाज नगं.”

“आत्याबाई, मला आवाजच पायजे,” लुंबिनी म्हणाली.

पंचफुलाबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “लाव.”

निवृत्तीराव धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात उभे होते. बोटांच्या पेरांत ऑइलचा काळा रंग तसाच. पेटी नाही, ढोलकी नाही.

“जाय माझ्या लेकी, मागं वळू नको,
वळलीस तर डोळ्यांत पाणी आणू नको...”

लुंबिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चित्रात ती बापाच्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि तिच्या मागे हिरव्या साडीतली एक मुलगी. एकटक. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं तेव्हा त्याच्या खालून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एका बाईचा आवाज आला.

“ही माझी आई!” लुंबिनी म्हणाली. कस्तुराबाईंना जाऊनही पंधरा वर्षं झाली होती. नवरीची आई ती. मांडवातल्या प्रत्येकाला विचारत फिरत असणार.

“जेवलीस का गं बाळ?”

हिरव्या साडीतल्या मुलीने मान वळवली.

“हाव मावशी. पोटभर जेवले. दोनदा वरण घेतलं.”

पंचफुलाबाई उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. हात पडद्याजवळ नेला आणि लावला नाही. गाणं चालूच होतं. आतल्या खोलीतून बाज करकरली.

“कोण बोलून राहिलं?” दादारावांनी विचारलं.

“दिपाली,” पंचफुलाबाई म्हणाल्या. त्या घरात इतक्या वर्षांत ते नाव मोठ्याने घेतलं जायची ती पहिलीच वेळ असावी, कारण लुंबिनीने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

भिंत धरत धरत दादाराव दारापर्यंत आले. पडद्यावर मुलगी पदराने डोळे पुसत होती. बाजेवर पंचफुलाबाईंच्या शेजारी भरपूर जागा होती. त्या सरकल्या नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही.

“पुन्हा लाव गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “पहिल्यापासून. मोठ्यानं.”

लुंबिनीने गाणं पहिल्यापासून लावलं. दादारावांना बसा असं कुणी म्हटलं नाही. चौकट धरून ते साडेचार मिनिटं उभे राहिले.